टाळीचा दुसरा हात

१७ जुलै २०२४, बुधवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. अकलूजमधल्या एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, डायलिसिसच्या हॉलबाहेर मी चपला काढतो आहे. आज आषाढी एकादशी. पंढरपूर इथून एरवी तासाभराच्या वाटेवर. या घडीला तिथं चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसेल. इथं आत आठ माणसं आळीपाळीनं वजनकाट्यावर चढतायत.

दादाचं वजन ६१.८ भरतं.

"दोन किलो आठशे," ब्रदर वहीत लिहितो. "काका, सोमवारपासनं पाणी जरा जास्त झालं."

"व्हय. झालं खरं," दादा म्हणतो आणि काट्यावरून उतरतो.

त्याचं कोरडं वजन, इथल्या भाषेत ड्राय वेट, ५९ किलो. वरचे दोन किलो आठशे म्हणजे नुसतं पाणी. किडन्या थांबल्या की प्यालेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. ते पायांत उतरतं, पोटात साठतं, वेळेवर काढलं नाही तर छातीत चढतं आणि माणूस उशीला टेकून रात्र काढतो. दादाला दिवसाकाठी एक लिटरची मुभा आहे. चहा, आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. आयुष्यभर रात्री-अपरात्री उसाला दारं धरलेला हा माणूस आता स्टीलच्या एवढ्याशा पेल्यात पाणी मोजून पितो. पेल्याच्या आत वहिनींनी खिळ्यानं रेघ ओढून ठेवली आहे.

तो खिडकीशेजारच्या बेडवर आडवा होतो आणि डावा हात पुढं करतो. मनगटाच्या वर, कातडीखाली, शीर दोरखंडासारखी फुगलेली दिसते. हा फिस्टुला. ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडतात, म्हणजे शीर जाड होते आणि आठवड्यातनं तीनदा दोन-दोन सुया सोसते. त्यावर तळवा ठेवला की आत थरथर लागते. वहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की आधी त्याच्या मनगटावर हात ठेवतात. थरथर लागली की मगच चहाचं आधण ठेवतात. तीन वर्षांत हा क्रम चुकलेला नाही.

सुया जातात. दादा डोळे मिटत नाही, छताकडं बघतो. लाल नळीतनं रक्त निघतं, पंपाच्या चाकावरनं डायलायझरमध्ये शिरतं, निळ्या नळीतनं परत येतं. मिनिटाला साधारण अडीचशे मिलिलिटर. अंगातलं पाच लिटर रक्त चार तासांत बाराएक वेळा या फेऱ्यावरनं जाऊन येणार. डायलायझरच्या आत केसासारख्या हजारो पोकळ तंतूंमधनं रक्त वाहतं आणि बाहेरच्या अंगानं शुद्ध केलेलं क्षारयुक्त पाणी. मिनिटाला पाचशे मिलिलिटर, म्हणजे एका पाळीला १२० लिटर. ज्याला घोटाघोटाचा हिशेब ठेवावा लागतो, त्याच्या रक्ताशेजारनं एवढं पाणी वाहून जातं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. दादा मात्र म्हणाला होता, "चंद्रभागाच की मग. काठावर आपण."

आठही यंत्रं सुरू झाली आहेत. पंपांचा घरघराट एका लयीत येतो. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद ठेवलाय. पडद्यावर पहाटेची शासकीय महापूजा, मग दर्शनरांग, मग परत महापूजा.

दादाच्या पलीकडचा बेड मावशींचा. वेळापूरकडच्या एका वस्तीवरनं त्या एकट्या येतात. नवरा नाही, मुलगा पुण्यात कंपनीत. डायलिसिसचे पैसे महात्मा फुले योजनेतून होतात, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं 'निभतंय' असं त्या सांगतात. आज गाड्या पंढरपूरकडं वळवल्यात म्हणून साडेपाचलाच फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या रांगेत चाचा आहेत, गादीकारखाना चालवायचे. त्यांच्या पलीकडं एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, कानात हेडफोन, तोंडावर पांघरूण. तो कुणाशी बोलत नाही. मला त्याच्याकडं बघवत नाही, म्हणून मी त्याच्याविषयी फार लिहू शकणार नाही.

कोपऱ्यातल्या चार नंबरच्या बेडवर आज नवा माणूस आहे. चैत्रापर्यंत तिथं सर असायचे.

सर निवृत्त शिक्षक होते. या हॉलमध्ये हरिपाठ त्यांनी सुरू केला. हरिपाठ खरं तर सांजवेळेचा, दिवेलागणीचा. वारीतही मुक्कामाला पोचल्यावर होतो. पण इथं यंत्र सकाळचं, म्हणून हरिपाठ सकाळचा. वेळही सरांनीच ठरवलेली: साडेआठ. पहिल्या तासात सुया, बीपी, नळ्या जमवण्याची गडबड असते. शेवटच्या दीड तासात अंगातलं पाणी ओढलं जाऊन पायांत गोळे येतात, बीपी उतरतं. मधला तास तेवढा माणसाचा असतो. तो देवाला द्यायचा, असं सरांचं म्हणणं होतं. गेल्या चैत्रात एका सोमवारी ते आले नाहीत. बुधवारी कळलं. त्या बुधवारी साडेआठला हॉलमध्ये कुणीच काही बोलेना. मग दादानं सुरुवात केली. त्यानं आधी कधी आरंभ केला नव्हता. दिंडीत तो बावीस वर्षं टाळकरी होता, मागच्या ओळीतला.

साडेआठला अजून वेळ आहे. वहिनी पिशवीतनं डबा काढतात: पोळी आणि कोबीची भाजी. त्यांचा स्वतःचा कडक उपवास आहे. दादाला एकादशी बंद. साबुदाण्यातले शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळं, खजूर, शहाळं, उपासाचं म्हणून जे जे आपण खातो त्यातलं बहुतेक सगळं पोटॅशियमनं भरलेलं. ते रक्तात चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूसुद्धा शकतात. निरंकार राहावं तर गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. पहिल्या वर्षी आषाढीला वहिनींनी पुढं केलेला घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षापासून एकही एकादशी न मोडलेला माणूस. तो ताटावर बसून मुलासारखा रडला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आज तो घास घेतो, चावतो आणि समोर बघून म्हणतो, "चाचा, तुमचा बी आज रोजा असतो न्हवं?"

आज मोहरमची दहावीही आहे. दोन्ही दिवस यंदा एकाच तारखेला आलेत.

"असतो की," चाचा म्हणतात. "पण आजाऱ्याला माफी. रमजानचं सुटलं, त्याबदल्यात रोज एका गरिबाला जेवू घातलं. पोराकडनं डबा पोचवायचो."

"आमच्यात माफी कोण देतंय ते माहीत न्हाई," दादा म्हणतो. "पण आमचे विणेकरी म्हणाले, तुझी तर रोजच पाण्याची एकादशी. ती धर. मी ती धरली."

चाचा मोकळ्या हातानं सलाम करतात. त्यांच्या उशाशी तसबीह आहे; ते एका हाताच्या अंगठ्यानं मणी सरकवतात आणि ओठ हलत राहतात. इथं सगळं एका हातानं चालतं. एक हात यंत्राचा, एक आपला.

मी दादाच्या पायथ्याशी स्टुलावर बसलोय. माझ्याबद्दल एवढंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याचं क्रिएटिनिन अकरावर गेलं, तेव्हा किडनी द्यायला मी पुढं झालो. रक्तगट जुळत होता. घरात आनंद झाला. मग पुढच्या तपासण्यांत माझीच साखर वाढलेली निघाली आणि मी बाद झालो. वहिनींना रक्तदाब, त्या आधीच बाद. त्या रात्री मी पंढरीच्या दिशेला तोंड करून नवस बोललो. सोन्याची तुळस, दंडवत, अन्नदान, जे सुचेल ते. महिनाभर बोलत राहिलो. माझी साखर काही उतरली नाही, दादाच्या किडन्या काही चालू झाल्या नाहीत, आणि मला विठ्ठलाच्या तसबिरीकडं बघायचाही राग येऊ लागला. मी देवाशी व्यवहार करत होतो आणि समोरचा व्यवहाराला तयार नव्हता.

दादाचंही सुरुवातीला असंच होतं. तोही रोज यंत्रावर पडल्या पडल्या मागत होता. बरं कर, नाहीतर ने. त्याची ती पुटपुट ऐकून सरांनी एक दिवस त्याच्याकडं हरिपाठाची खिशातली पोथी पाठवली आणि निरोप दिला: यात ज्ञानोबांनी स्वतःसाठी काय मागितलंय तेवढं शोधा आणि मला सांगा.

२७ अभंग. दादाला ते लहानपणापासून तोंडपाठ. तरी त्यानं तीन पाळ्या घालवल्या, बोट ठेवून ठेवून वाचलं. मग सरांना म्हणाला, "सर, मागणं न्हाईच की कुठं."

"मग तुम्ही कशाला मागत बसता?" सर म्हणाले. "तो उभा आहे. तुम्ही आडवे आहात. बोला त्याच्याशी."

दादानं मला हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. आजारी माणसानं मागू नये तर कुणी मागावं? अजूनही मला वाटतं, मागण्यात पाप नाही. लेकरू आईकडं मागणारच. पण दादाचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. मागणं थांबल्यावर त्याच्यात आणि देवात जी मोकळी जागा झाली, तिथं बोलणं आलं. गप्पा म्हणाव्यात तसं. काल रात्री म्हैस व्याली, ते. मोटर जळली, ते. मुलीच्या परीक्षेचं. आणि त्या बोलण्यातनं त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं, त्याला मी समाधान म्हणत नाही. समाधान म्हातारं असतं. हा आनंद आहे. त्यात खोडकरपणासुद्धा आहे.

साडेआठ.

सिस्टर येऊन बीपी बघून जातात. "काका, हळू आवाजात हं," त्या रोजचंच वाक्य म्हणतात आणि मुलाच्या बेडजवळचा दिवा मालवतात. वहिनी पदर सावरून दादाच्या उजव्या हाताला बसतात. बुक्क्याची पुडी उघडतात. पालखी अकलूजला होती तेव्हा दिंडीतले तिघं त्याला भेटून गेले, त्यांनी ती दिली. बुक्क्याचं काळं बोट दादाच्या कपाळाला, मग मावशींच्या, मग माझ्या.

दादा डोळे मिटतो. ओठ हलतात. संतांची नावं घेऊन झाली की तो मनात आणखी एक नाव घेतो, हे फक्त मला आणि वहिनींना माहीत आहे: विलेम कोल्फ. ब्रदरनं कधीतरी त्याला सांगितलं होतं. १९४३ साली, नेदरलंड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, एका लहान गावातल्या दवाखान्यात या डॉक्टरनं सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन लाकडी पिंपावर गुंडाळून पहिलं चालणारं यंत्र तयार केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची बाई वाचली. "मरणाऱ्या माणसांपाशी दोन वर्सं तो दम धरून बसला," दादा म्हणतो. "मग तो संतच की."

पहिला अभंग सुरू होतो. दादाचा आवाज आता बारीक झालाय, मधेच विरतो, पण सुरावर पक्का आहे. मावशी धरतात. हॉलच्या त्या टोकाचे दोघं धरतात. यंत्रांची घरघर खाली सुरासारखी लागलेली.

आणि आता टाळी.

हरिपाठ टाळीशिवाय होत नाही. वारकऱ्याला तो पायानं आणि हातानं म्हणायचा असतो. पावलं टाकायची, टाळी वाजवायची. इथं पावलं नाहीत. डावा हात हलवला तर सुई शिरेबाहेर जाईल, आतल्या आत रक्त साखळेल. टाळी वाजवायची कशी? सुरुवातीला लोक मोकळ्या हातानं मांडीवर, बेडच्या दांडीवर थाप द्यायचे. मग एकदा वहिनींनी आपला तळवा पुढं केला.

दादाचा उजवा हात वहिनींच्या तळव्यावर पडतो. पुन्हा पडतो. दोन माणसांची मिळून एक टाळी. आवाज अगदी हलका, ओल्या मातीवर पाऊल पडावं तसा. वहिनींचं सगळं लक्ष त्या तळव्यात आहे. त्या त्याचा हात अर्ध्या वाटेत झेलतात, म्हणजे त्याला खांदा हलवावा लागू नये. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या या दोघांना मी कधी चारचौघांत एकमेकांचा हात धरलेलं पाहिलं नव्हतं. हॉलच्या त्या टोकालाही एकाची बायको, एकाचा मुलगा असेच तळवे धरून बसलेत.

मावशींजवळ कुणी नाही. त्यांचा मोकळा हात चादरीवर पडतो, उठतो, पडतो. आवाज होत नाही.

मी गेले कित्येक बुधवार हे बघतो आहे. म्हणजे बारामतीहून येणं जमेल त्या बुधवारी. मला हरिपाठ येतो, पण त्या नवसाच्या महिन्यानंतर मी म्हणायचा सोडला होता. मी इथं भावाला सोबत म्हणून बसतो, देवाला नाही, असं मनाशी धरून बसायचो. आज काय होतं ते नीट सांगता येणार नाही. तिसरा की चौथा अभंग चाललाय. दादा डोळे न उघडता हसतो, एका ओळीवर त्याचा सूर चुकतो आणि तो स्वतःशीच हसतो, आणि मावशींचा हात चादरीवर पडतो, मुका. मी स्टूल उचलतो, त्यांच्या बेडच्या त्या बाजूला नेऊन ठेवतो आणि तळवा पुढं करतो.

त्या बघतात. मग हात ठेवतात. खुरपं धरून राठ झालेला, थंड हात. टाळी वाजते.

मी म्हणू लागतो. शब्द आपोआप येतात, जागच्या जागी होते ते. पुढचा अर्धा तास मला माझं काहीही आठवत नाही. साखर नाही, बाद होणं नाही, नवस नाही. फक्त ताल सांभाळायचा, त्यांचा हात जिथं येईल तिथं आपला असायला हवा, एवढंच काम. आणि कुणीतरी फार जवळ उभं असल्यासारखं वाटत राहतं, आपण पाठमोरे आहोत आणि मान वळवली तर दिसेल इतकं जवळ. मी मान वळवत नाही. याहून अधिक त्या अनुभवाबद्दल मला लिहिता येत नाही, आणि कमी लिहिलं तर खोटं होईल.

सत्ताविसावा अभंग संपतो. मग पसायदान. हरिपाठात न सापडलेलं मागणं इथं आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर ज्ञानदेवांनी मागितलेलं. त्यांनाही समाजानं वाळीत टाकलं होतं, आईबाप पोरवयात गेले होते. मागताना त्यांनी काय मागितलं? दुष्टांचा वाकडेपणा जावो, इथपासून सुरुवात. सगळ्यांसाठी मागितलं. हातात सुया खुपसलेली माणसं आज साऱ्या जगाचं भलं मागतायत, त्यांचा सूर थकलेला आहे, पण एकही शब्द गिळला जात नाही.

शेवटचा शब्द थांबतो. क्षणभर फक्त पंप ऐकू येतात.

"आमीन," चाचा हळूच म्हणतात.

मुलगा पांघरुणाखाली झोपलेला आहे. हेडफोन तसेच.

वहिनी पिशवी आवरतात. मी दादाला विचारतो, आज पंढरपूर चुकलं म्हणून वाईट वाटतं का. तो थोडा वेळ टीव्हीकडं बघतो. कळस दिसतोय, खाली माणसांचा समुद्र.

"वाटतं की," तो म्हणतो. "न्हाई कसं? पाय आठवण काढत्यात. पण बापू, बावीस वर्सं मी चालत गेलो. रांगेत रात्र काढायची आणि दर्शन किती? पुढं व्हा, पुढं व्हा. डोळं भरून बघतोय तवर भाईर. इथं चार तास. मी हलत न्हाई. तो बी इटंवरनं हलत न्हाई. कुणी पुढं व्हा म्हणत न्हाई."

पुंडलिकानं आईबापाची सेवा चालू होती म्हणून देवाला विटेवर उभं केलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. मी वहिनींकडं बघतो. त्या दादाच्या पायाला तेल लावतायत. देव पुंडलिकाकडं आला होता, घरी; पुंडलिक कुठं गेला नव्हता.

दहा वाजून पाच मिनिटं. दादाचा चेहरा बदलतो. आधी कपाळावर घाम, मग पोटरी दगडासारखी. "आई गं," तो किंचाळतो. उजवा पाय आपसूक वाकतो, अंगठा मागं वळतो. मी पाय धरतो, वहिनी पोटरी दाबतात. यंत्र वाजू लागतं. ब्रदर धावत येतो. बीपी ८० वर आलंय. बेडचं डोकं खाली, पाय वर; पाणी ओढणं थांबवतात, सलाईनची बाटली मोकळी सोडतात. दादाच्या तोंडून देवाचं नाव निघत नाही. नुसतं ओरडणं निघतं. माझ्याही तोंडून काही निघत नाही. मघाचा तो जवळपणा कुठं गेला ते कळत नाही. हातात फक्त थंडगार पाऊल आहे.

मग मावशींचा आवाज येतो. "विठ्ठल, विठ्ठल." चाल नाही, सूर नाही. न थांबता. गाय अडली की गोठ्यात बाई बोलत राहते, तसा. सात मिनिटं, कदाचित आठ. पोटरी सैल पडते. बीपी ९०, मग १०४.

दादा डोळे उघडतो. ओठांना कोरड. वहिनी कापसाचा बोळा ओला करून ओठांवरनं फिरवतात.

"गेला का?" मी विचारतो. मला गोळा विचारायचाय.

"गोळा गेला," तो म्हणतो. "तो हाय."

संकटाचे उपकार मानावेत, असं भक्त सांगत आलेत. तुकोबांचा धंदा बुडाला, दुष्काळात बायको गेली, लेक गेला, आणि त्यांनी त्या बुडण्यालाच भलं म्हटलं. मला ते अजून जमत नाही. दादाला झालं ते भलं झालं, असं माझ्या तोंडून कधी येणार नाही. हरिपाठानं त्याचं बीपी सुधारतं असंही मी म्हणणार नाही. आज तर ते हरिपाठानंतरच उतरलं. पण या हॉलमध्ये मी आनंद पाहिला आहे, दुखण्याच्या ऐन मध्यभागी, आणि तो कुणी कुणाला समजूत म्हणून दिलेला नव्हता.

अकरा वीस. यंत्रातलं उरलेलं रक्त सलाईननं परत अंगात सोडतात. सुया निघतात. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधामुळं ते लवकर थांबत नाही. पंधरा मिनिटं कापूस दाबून धरायचा. दादाच्या हातावर वहिनी दाबतात. मावशी एरवी स्वतःच दाबून धरतात. आज मी दाबतो.

काट्यावर दादा ५९.३.

"तीनशे राहिलं," ब्रदर म्हणतो. "गोळा आला म्हणून सोडलं. शुक्रवारी काढू."

वहिनी एकादशीचं तुळशीचं एक पान दादाच्या हातावर ठेवतात. तीर्थाची लहान बाटलीही आहे, दिंडीतल्यांनी दिलेली. ते प्यायचं नाही, डोळ्यांना लावायचं, असं दादानंच ठरवून टाकलंय. तो डोळ्यांना लावतो. चाचा चपला घालता घालता थांबतात, दादा त्यांना वाकून नमस्कार करतो, चाचा त्याला वर उचलून छातीशी धरतात.

खाली रस्त्यावर पंढरपूरकडं जाणारी एसटी भरून चाललीय. मावशींच्या गाडीला अजून वेळ आहे. मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवतो.

"शुक्रवारी येताय का, दादा?" त्या विचारतात.

शुक्रवारी मला कामावर जायचं असतं. मी रजेचा अर्ज आजच टाकणार आहे.